एक्केचाळीस सेंटिमीटर

"खाली कोणी नाही ना?"

रफीकभाईनं सीटवरून नेहमीसारखी हाळी दिली. हार्वेस्टरच्या पुढं मी आणि भिकननाना दोघंच उभे होतो, आणि दोघंही त्याला समोर दिसत होतो. तरी उत्तर आल्याशिवाय तो लिव्हरला हात लावत नसे. सोळा वर्षं तो हे यंत्र चालवत होता आणि सोळा वर्षं त्यानं हा प्रश्न चुकवला नव्हता.

"नाही कोणी. उचल," मी म्हणालो.

मक्याचं नवं हेडर, म्हणजे यंत्राच्या पुढचं कापणीचं तोंड, जमिनीपासून सुटलं. सहा ओळींचं, लांब चोचींचं, अजून फॅक्टरीच्या रंगाचा वास असलेलं. मागचा हार्वेस्टर वीस-बावीस वर्षांचा, पंजाबातून जुना घेतलेला, पत्रा ठिकठिकाणी ठिगळलेला. हेडर थरथरत वर गेलं, अर्ध्यावर थांबलं, पुन्हा निघालं आणि पार वर जाऊन टेकलं.

भिकननानांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सांडू, म्हाताऱ्याला कवळी तर बसली गड्या. आता चावतो का ते बघायचं."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. सिल्लोड तालुक्यात तेव्हा सोयाबीन मागं पडून जिकडंतिकडं मका झाला होता. नानांनी एका कृषी प्रदर्शनात हे हेडर पाहिलं आणि उचलून आणलं. आपल्या जुन्या यंत्राला ते बसेल का, हे विचारायचं राहून गेलं. ते काम माझ्याकडं आलं. जालन्याच्या एजन्सीत नऊ वर्षं मिस्तरी म्हणून काढल्यावर मी तालुक्याच्या रस्त्याला स्वतःचं वर्कशॉप टाकलं होतं. शटर होतं, वेल्डिंग सेट होता, नाव मात्र अजून व्हायचं होतं.

एजन्सीचे सर्व्हिस मॅनेजर वैद्यसाहेब माझे जुने साहेब. त्यांना पहिल्याच दिवशी फोन केला होता.

"कुठलं मॉडेल म्हणालात?"

मी सांगितलं.

"ते बंद होऊन बारा वर्षं झाली. त्याला हे हेडर बसतच नाही. कंपनीच्या यादीत ही जोडीच नाही."

"बसवलं तर?"

"तर मी काही पाहिलं नाही, ऐकलं नाही." मग ते म्हणाले, "चाललं मात्र, तर मला फोटो पाठवा. तुमच्या तालुक्यात आमचा सर्व्हिस पॉइंट नाही. तुमचं नाव वर कळवता येईल."

त्या एका वाक्यावर मी पुढचे आठ दिवस काढले. कंपनीचा बोर्ड माझ्या शटरवर लागला असता, तर चाळीस गावांचे हार्वेस्टर माझ्या दारात आले असते. एवढंच मला हवं होतं, आणि ते या एका हेडरवर येऊन ठेपलं होतं.

नवं हेडर जुन्यापेक्षा बरंच जड. ते उचलायला जुने सिलिंडर पुरेनात. मी भंगारातल्या एका मोठ्या यंत्राचे सिलिंडर काढून आणले. ते बसले. पण त्यांचे दांडे जाड होते, आणि तिथंच दोन गोष्टी अडल्या. पहिली, तेलाच्या होसचे, म्हणजे रबरी नळीचे, आटे जुळेनात. योग्य होस एजन्सीकडूनच येणार होता आणि वैद्यसाहेब "बघतो" म्हणत होते. तोवर मी लेथवर एक जोड करून घेतला. दुसरी, सुरक्षेचा टेकू. हेडर वर असताना सिलिंडरच्या उघड्या दांड्यावर एक लोखंडी टेकू पाडून ठेवतात. मग तेल गळो, होस फुटो, दांडा आत जात नाही आणि हेडर खाली येत नाही. जुना टेकू जाड दांड्यावर बसेना. मी तो गॅसकटरनं कापून काढला.

"टेकू कापला तुम्ही," रफीकभाई म्हणाला. तो खाली उतरून तुकडा हातात घेऊन बघत होता.

"नवा करतो."

"कधी?"

"माप मिळालं की. हेडर पार वर गेल्यावर दांडा किती बाहेर राहतो, ते उद्या उजेडात मोजावं लागेल."

"तोवर अंदाजानं करा ना एखादा."

"अंदाजानं मी खिळाही कापत नाही, रफीकभाई."

ते खरंच होतं. कुठलंही माप मी आधी डाव्या तळहातावर बॉलपेननं लिहायचो आणि मगच लोखंडाला हात लावायचो. रफीकभाई त्यावरून मला छळायचा.

"तुमचा हात म्हणजे तलाठ्याचं दप्तर. सगळ्या गावाच्या नोंदी त्यात."

हसता हसताच तो खळ्याच्या कडेला गेला आणि बाभळीचा एक ओंडका लोळवत घेऊन आला. कमरेइतका उंच, मांडीएवढा जाड. तो त्यानं हेडरच्या मागं, जिथून पीक यंत्रात जातं त्या गळ्याखाली उभा केला. वर दोन बोटांची फट राहिली.

"टेकू येईस्तोवर हाच आपला टेकू," तो म्हणाला. "नाना, घरात सगळ्यांना सांगा. हा कोणी हलवायचा नाही."

"अरे, कोण हलवतंय तुझं लाकूड!"

ती अष्टमीची संध्याकाळ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पोचलो, तेव्हा रफीकभाई माझ्याआधी आला होता. त्यानं बोटानं दाखवलं. रात्रीतून हेडर खाली उतरलं होतं. दोन बोटांची फट संपली होती, सगळं वजन ओंडक्यावर आलं होतं. ओंडक्याचं बूड जमिनीत चांगलं दोन बोटं रुतलं होतं. मी केलेल्या जोडाखाली तेलाचा रुपयाएवढा डाग पडला होता.

"झिरपतंय," मी म्हणालो.

"ते दिसतंय मलाबी."

"नवा होस आला की बंद होईल. आज वैद्यसाहेबांचा फोन येणार आहे."

"चार दिवस झाले येणारच आहे."

ती खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं-अवजारं धुऊन पुसून मांडतात, पुजतात आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. नानांच्या घरी हार्वेस्टरची पूजा मोठी असायची. हेडर पार वर उचलायचं, त्याला हार घालायचा, खाली रांगोळी काढायची आणि नारळ चालकानं फोडायचा. रफीकभाई सोळा वर्षं तो नारळ फोडत आला होता.

"खाली कोणी नाही ना?"

"नाही."

त्यानं हेडर पुन्हा पार वर घेतलं, इंजिन बंद केलं. ओंडका काढून बाजूला ठेवला, पाइप लावून यंत्र धुतलं, कापडानं चोची पुसल्या. मग ओंडका परत जागेवर उभा केला, त्याला पायानं दोनदा ठोकून पाहिलं आणि माझ्याकडं वळला.

"मिस्तरी, हे लाकूड हाये. लोखंड नव्हे."

"आजच करतो. सेट घेऊन येतो, दोन तासांचं काम."

तो अंघोळीला घरी गेला. ओंडका त्यानं जागेवर ठेवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

मी नानांकडं गेलो. ओट्यासमोर पोतं अंथरून त्यांनी पहार, कुऱ्हाड, विळे, पाने, जॅक असं सगळं ओळीनं मांडलं होतं. सिंधूकाकू, म्हणजे नानांच्या घरच्या, एकेकाला हळदीकुंकू लावत होत्या.

"नाना, वेल्डिंग सेट घेऊन येतो. तो टेकू लावून टाकतो."

नानांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून आलो होतो. "आज? खंडेनवमीला?"

"थोडंच काम आहे."

"अरे बाबा, आज हत्याराची विश्रांती," काकू म्हणाल्या. "वर्षभर राबतात बिचारी. आज पान्याला पाना लावायचा नाही. तुझ्या बायकोनं पूजा नाही केली का तुझ्या सेटची?"

केली होती. पहाटेच. माझ्या वेल्डिंग सेटवर झेंडूचं फूल ठेवून ती म्हणाली होती, "आज शटर उघडू नका." मला ते मान्यही होतं. मी काही या रिवाजाच्या बाहेरचा नव्हतो.

"मग उद्या दसरा. परवा लावतो," मी म्हणालो. "पण माप तरी घेऊ द्या. टेप काही हत्यार नाही."

नाना हसले. "घे बाबा, घे. तेवढ्यानं काही पाप लागत नाही."

ते दोघं आरतीचं ताट करायला घरात गेले. खळ्यावर मी एकटा होतो.

मी हेडरखाली शिरलो. ओंडका गळ्याखाली सिलिंडरला खेटून उभा होता. तो असताना टेप सरळ धरता येईना. मी तो आडवा पाडला आणि पायानं हातभर बाजूला ढकलला. दांड्यावर टेप लावला. दोनदा मोजलं. एक्केचाळीस सेंटिमीटर. खिशातून पेन काढून तळहातावर लिहिलं: ४१.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. वैद्यसाहेब.

खळ्यावर रेंज येत नसे. दोन शब्द यायचे नि चार तुटायचे. मी उठलो आणि बोलत बोलत विहिरीकडं चालू लागलो. तिथल्या चढावर आवाज नीट यायचा. खळ्यापासून ते अंतर साठ-सत्तर पावलं.

"सांडू, तुमचा होस आलाय," वैद्यसाहेब म्हणाले. "परवा कोणाला तरी पाठवा. पण मला एक सांगा, सध्या काय लावलंय तिथं?"

"लेथवरचा जोड."

"तो काढा. सिलिंडरचा आटा वेगळा आहे, तो जोड धरून राहत नाही. दाबाखाली निसटतो. नांदेडकडं एक झालंय असं. हेडर उचलून ठेवू नका. आत्ता खाली आहे ना?"

"हो," मी म्हणालो. "खालीच आहे."

हे मी का म्हणालो, ते मला तेव्हाही कळत होतं.

"छान. आता दुसरं. वरून फॉर्म आलाय सर्व्हिस पॉइंटचा. मी तुमचंच नाव घालतोय. लिहून घेतो. पूर्ण नाव?"

"सांडू रामभाऊ गव्हाडे."

"गव्हाडे. वर्कशॉपचं नाव?"

नाव ठेवलेलंच नव्हतं. मी क्षणभर विचार करून आईचं नाव सांगितलं. मग गट नंबर, रस्ता, जागा किती बाय किती, वीजजोडणी कुठली. मी एकेक सांगत होतो आणि खळ्याकडं बघत होतो. पांढरा सदरा घालून रफीकभाई आला होता. काकू ताट घेऊन उभ्या होत्या. झेंडूचा लांब हार चोचींवरून पुढं सोडला होता, पण त्याचं मागचं टोक लोंबत होतं. काकूंनी हात वर करून गळ्याकडं काहीतरी दाखवलं. रफीकभाईनं मान डोलावली. चप्पल काढून बाजूला ठेवली. हाराचं टोक हातात घेऊन तो खाली बसला आणि आत सरकू लागला.

ओंडका मला तेव्हा आठवला.

मी हाक मारायला तोंड उघडलं.

"पिनकोड?" वैद्यसाहेबांनी विचारलं.

आवाज मोठा झाला नाही. आधी तेल उडाल्याचा फस्स असा आवाज, आणि मग धान्याचं भरलेलं पोतं ट्रकमधून खाली टाकावं तसा एक. त्यानंतर काकूंच्या हातातलं ताट पडल्याचा.

मी पोचलो, तेव्हा रफीकभाईचं कमरेपासून वरचं अंग गळ्याखालच्या पोकळीत होतं. तिथं त्याला खरचटलंही नव्हतं. पाय हेडरखाली होते. तो ओरडत नव्हता. "काढा, काढा," एवढंच हळू म्हणत होता, जणू घाई आम्हालाच होती.

इंजिन चालू करून उपयोग नव्हता, तेल सगळं रांगोळीवर सांडलं होतं. नाना पोत्याकडं धावले. ज्या अवजारांना दिवसभर हात लावायचा नव्हता, ती सगळी पाच मिनिटांत उचलली गेली. पहारीवरचं फूल तसंच होतं. मी जॅक लावला. त्याच्या दांड्यावरचं ओलं कुंकू माझ्या हाताला लागलं. शेजारच्या मळ्यातली माणसं धावत आली. पंधरा मिनिटांनी आम्ही त्याला बाहेर ओढलं. कोणाच्या तरी पायात ओंडका आला, तेव्हा नाना ओरडले, "अरे हा इथं आडवा कसा पडलाय?"

मी रफीकभाईच्या खांद्याखाली हात घातले.

शहरातल्या हॉस्पिटलात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. उजव्यात सळई घातली. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या ठाण्यातून एक हवालदार जबाब घ्यायला आले. नाना होते, मी होतो, रफीकभाईची बायको शमीमभाभी उशाशी बसली होती.

"ओंडका लावलेला होता म्हणतात. तो कोणी काढला?" हवालदारांनी विचारलं.

"मी काढला," रफीकभाई म्हणाला.

नानांनी त्याच्याकडं पाहिलं. मी माप घ्यायला गेलो होतो हे त्यांना माहीत होतं, पण ओंडक्याशी त्याचा संबंध त्यांनी लावला नाही.

"सकाळी धुताना काढला होता. परत लावायचा राहिला असंल. दुसरं कोण काढणार? तिथं हात लावणारा मीच एकटा." तो छताकडं बघत बोलत होता. "सोळा वर्षांत एकदा विसरलो, साहेब. एकदाच."

तो खोटं बोलत नव्हता. कोणाला वाचवतही नव्हता. पडून पडून त्यानं ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवली होती, आणि आडवा पडलेला ओंडका समजावून सांगणारी दुसरी गोष्ट त्याला सापडली नव्हती.

हवालदार माझ्याकडं वळले. "तुम्ही मिस्तरी ना? तुम्ही कुठं होता?"

"विहिरीवर. फोन आला होता."

"त्याआधी काही पाहिलं?"

तीन दिवस मी नीट हात धुतले नव्हते. तळहातावरचं ४१ फिकं झालं होतं, पण वाचता येत होतं. मी मूठ मिटली.

"नाही," मी म्हणालो.

होस घेऊन मी नानांकडं गेलो, तेव्हा टेकूही तयार करून नेला. जोड काढून होस बसवला. नवा चालक सीटवर बसला, त्यानं हेडर वर घेतलं. मी टेकू दांड्यावर पाडला. तो टक्कन बसला, कानसही लावावी लागली नाही. "वा," नाना म्हणाले, आणि मग काही आठवून ते घरात निघून गेले. त्या हंगामात त्या यंत्रानं दीडशे एकर मका काढला. मी वैद्यसाहेबांना फोटो पाठवले. संक्रांतीच्या सुमारास बोर्ड आला.

जयपूरचा पाय बसवून रफीकभाई चालायला लागला, तेव्हा मी त्याला वर्कशॉपात बोलावलं. स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसायला. लोक म्हणाले, सांडू मिस्तरी मनाचा मोठा. शमीमभाभी ईदला शिरखुर्मा पाठवते, न चुकता.

चौदा वर्षं तो माझ्यासमोर पाच हातांवर बसतो. चालक नवा आला की तो स्वतःहून पायजमा वर करून पाय दाखवतो. "हे बघ. माझी चूक. काढलेला टेकू परत लावला नाही. तू असं करू नको." चालक ऐकतात. कित्येकांचे प्राण त्या बोलण्यानं वाचले असतील. मी आत वेल्डिंग करत असलो की मुद्दाम ग्राइंडर लावतो.

यंदाच्या खंडेनवमीला शटर उघडं होतं. आता त्या दिवशी मी दुकान बंद ठेवत नाही. पूजा होते, पण कोणाला टेकू लागला तर त्याच दिवशी करून देतो. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. रफीकभाई काउंटरवरच्या पान्यांना झेंडूच्या पाकळ्या लावत होता.

"मिस्तरी, एक विचारू?"

"विचारा."

"परवा नाना आले होते ना, बसले होते जरा वेळ. जुन्या गोष्टी निघाल्या. म्हणत होते, तो टेकू तुम्ही आणला तो पहिल्या झटक्यात बसला. घासायलाबी लागला नाही."

"हो. बसला होता."

"मी रात्री पडल्या पडल्या विचार केला." त्यानं एक पाकळी खाली ठेवली. "माझ्या अपघातानंतर हेडर जमिनीवर होतं. दांडे आत गेलेले. होस बसून ते वर उचललं, तेव्हा टेकू तुमच्या हातात तयार होता."

मी डावा हात काउंटरवर टेकला.

"आणि त्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेलो, तोवर तर माप घेतलेलं नव्हतं. तुम्हीच म्हणाला होता, सेट आणतो, करतो." तो माझ्याकडं बघत नव्हता. "मग माप कधी घेतलं, मिस्तरी?"

बाहेर एक ट्रॅक्टर थांबला, हॉर्न वाजला.

"अंदाजानं केला होता," मी म्हणालो.

रफीकभाईनं मान वर केली. पण तो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. काउंटरवर टेकलेल्या माझ्या डाव्या हाताकडं बघत होता. सकाळीच कोणाच्या तरी शाफ्टचं माप तिथं लिहिलं होतं.

"अंदाजानं," तो म्हणाला.

मी मूठ मिटली.